एक्सचा उच्चार

शनिवारी रात्री नोंदी हलवल्या.
फोंड्याच्या पाणी-कचेरीतली चौदाशे बारा माणसं
जुन्या सर्व्हरवरून नव्यावर.
सोमवारी ती आपापल्या खुर्चीत येऊन बसली,
त्यांना काही कळलंही नाही.

कळलं ते मीटर विभागातल्या जुन्या प्रोग्रामला.
तो अजून जुन्याच पत्त्यावर जाऊन हाका मारतो:
विभाग, मग शाखा, मग आडनाव, तेही पोर्तुगीज वळणाचं.
त्याला नवं शिकवणारी कंपनी कधीच बुडाली.
म्हणून मी मध्ये प्रॉक्सी बसवली.

कॉलेजात प्रॉक्सी म्हणजे
दुसऱ्याच्या नंबराला आपण दिलेली हजेरी.
ही तशीच. जाताना प्रश्न बदलते,
येताना उत्तर,
स्वतःजवळ काही ठेवत नाही.

नियम हाताने लिहिले.
क्यू-यू-ई लावून आलेला नाईक
साधा करून आत सोडायचा,
बाहेर पडताना शेपूट परत लावायचं.
एक्स काढून शिरोडकर, एक्स काढून शेट.
एक्स दिसला की श.
पहाटे साडेतीनला हे फार सोपं वाटलं.

कवळ्याची देवी केळशीहून आली
रातोरात, नदी ओलांडून.
माझी मावशी अजून केळशीची म्हणूनच हाक मारते
आणि ती ओ देते.
तिथे मध्ये कोण बसलंय, कुणास ठाऊक.

सोमवारी आठलाच ओपाच्या पंपावरून फोन.
झेवियर ग्रासियस.
"बाय, हा मला आत घेईना.
म्हणतो, शावियर नावाचं कोणी नाही."

माझा नियम.
मी माफी मागितली, म्हटलं पाच मिनिटांत करते.
पलीकडे पंपाची घरघर,
मग त्यातूनच हसू.
"शावियेर म्हण गो.
आई तशीच हाक मारायची, कुडतरीला, बांधावरून.
झेवियर मला इंग्रजी शाळेत बाईंनी केला.
घाई नाही. जेवून कर."

जेवून केलं.
नियमाच्या वर एक ओळ:
या एका एक्सला हात लावू नये.
लगेच तो आत गेला, झेवियर होऊन,
पाण्याचे आकडे भरू लागला.

लॉगमध्ये मात्र सकाळची ओळ आहे.
आठ वाजून सात मिनिटं. शावियर. सापडला नाही.
लॉग तीस दिवसांनी आपोआप पुसला जातो.
आज एकोणतिसावा.