निमकी

कॉलेजच्या गच्चीवर, युरियाच्या पोत्यात गुंडाळलेली
आठ इंची दुर्बीण.
संध्याकाळी पोतं मी सोडते, पहाटे खाजामामा बांधतात,
आणि गाठ मारताना रोज विचारतात,
मॅडम, सापडलं का काही?

सापडायचं असं काही नव्हतंच.
दोन तारे, एकमेकांभोवती फिरणारे;
एक दुसऱ्याच्या आड गेला की उजेड जरासा उतरतो.
तेवढं उतरणं मोजायचं, रात्रभर.
नाव नाही त्यांना. यादीतला नऊ आकडी नंबर,
गॅसच्या कार्डावर असतो तसा.

मी तासिका तत्त्वावर.
अठ्ठेचाळीस मिनिटांचा एक तास धरतात आमच्याकडे,
बिल मार्चात निघतं, निघालं तर.
लॅपटॉप हप्त्यावरचा. प्रोग्रॅम मात्र फुकट:
कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांनी
नोकऱ्या सांभाळून लिहिलेला,
आणि कुलूप न लावता ठेवून दिलेला.
घ्या, वापरा, उघडून बघा, बिघडलं तर सांगा.
आधी खरंच वाटेना.
वसमत रोडचा झेरॉक्सवाला
पिन मारायचाही रुपया घेतो.

पण आलेख जुळेना.
स्पेनचे ठिपके, चिलीचे ठिपके एका वळणावर,
माझे तेवढे बाजूला,
फी न भरल्यानं वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरांसारखे.
अर्धा तास उशिरा.
परभणीला तारा अर्धा तास उशिरा मंदावतो
असं तर काही नसतं.
म्हणजे मीच चुकले.
घड्याळ मोबाइलशी लावलं. पुन्हा बसले. पुन्हा अर्धा तास.
तीन आठवडे स्वतःलाच लाल शाईनं तपासत राहिले.
लांबच्या माणसांच्या हिशोबात खोट नसते
हे आपण शाळेतच कुठेतरी शिकलेलो असतो.

मग एका रात्री लाइट गेलेली,
बॅटरी एकोणीस टक्के,
आणि मी ती फाईल उघडली.
ओळ दोनशे सत्तेचाळीस.
तिथं कुणीतरी घड्याळांतला फरक पूर्णांकात घेतला होता.
साडेपाचातले पाच ठेवले.
साडे टाकून दिलं.

अण्णा मोंढ्यात मुनीम होते.
पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी,
कापसाच्या बोलीचा गलका चालू असतानाही तोंडपाठ.
मी दुसरीत, मांडीवर पाटी;
म्हणायचे, पुरे आकडे कुणालाबी येतेत बाई,
हिशोब हुकतो तो निमक्यात.

दुरुस्ती एका ओळीची.
पाठवायच्या आधी इंग्रजी चारदा वाचलं,
'सॉरी' दोन ठिकाणी होतं, एक काढलं.
सकाळी उत्तर, येन्स नावाच्या माणसाचं, जर्मनीहून:
बारा वर्षं ही ओळ कुणी वाचलीच नव्हती.
आभार. घेतली आहे.
जगात जर्मनी, भारतात परभणी,
हे त्याला कुठल्या भाषेत सांगायचं?
एकटीच हसत बसले स्टाफरूममध्ये.
पुढच्या आवृत्तीत, बारीक अक्षरांत, शेवटून तिसरी,
दैवशाला टेकाळे.
हजेरीपटावर माझं नाव अजून पेन्सिलीनं आहे.

दोन महिने झाले असतील.
काठमांडूहून एका मुलानं लिहिलं:
दिदी, आमचं घड्याळ पावणेसहा तास पुढे असतं.
तुमच्या दुरुस्तीनंतरही माझा तारा
पंधरा मिनिटं मागेच राहतो.

मी ओळ पुन्हा उघडली.
निम्म्यापुरतीच जागा केली होती मी.
पाऊणकी विसरले होते,
अण्णांची लेक असून.

खाजामामा पोतं घेऊन वर आले.
सापडलं का काही?
चूक सापडली, मामा.
कुणाची?
या खेपेला माझी.
ते गाठ मारायला वाकले, तर म्हटलं, राहू द्या जरा,
अजून पंधरा मिनिटं अंधार आहे.