कोणीतरी आहे

आठवड्यात तिसऱ्यांदा दिवा माझ्यावर विझला.
मी टेबलाशीच होते, खजुराच्या व्यापाऱ्याची खतावणी उघडून,
त्रेसष्ट रियाल कुठे गळाले ते शोधत,
आणि छताच्या कोपऱ्यातल्या त्या पांढऱ्या डोळ्याने ठरवलं
की खोलीत माणूस नाही.
हात उंच करून हलवावा लागतो.
हजर, बाई.
अंधारात, बेचाळिसाव्या वर्षी.

वर एसीही बंद करतो मेला.
मस्कतचा जून. भिंतीला पाठ टेकवत नाही कोणी.

रुवीतल्या दुकानात इब्राहिम सारंग, मूळ दाभोळचे,
कासारासारख्या तीन डब्या काउंटरवर मांडतात
आणि मनगटाऐवजी घराचं माप विचारतात:
छत किती उंच? पंखा आहे? पडदे जाड की झिरझिरीत?
माणसं किती?

एक, मी म्हणते. अठ्ठावीस दिवस एक,
मग अठ्ठावीस दिवस दोन.
“फहूद?”
फहूद.
तेलावरच्या माणसांचं घर त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

“हा तुमचा जुना, बाय, ऊब बघतो. ऊब हलली तर माणूस.
आता उन्हाळ्यात भिंत सदतीस, तुम्ही सदतीस,
याला भिंतीतून तुम्ही वेगळ्या दिसणार कशा?”

लग्नाला एकोणीस वर्षं झाली,
हे मला इतकं स्वच्छ कोणी सांगितलं नव्हतं.

“हा रडारचा. श्वास बघतो.
छाती एवढीशी हलली,” नखावर नख ठेवून दाखवतात,
“तरी म्हणतो, आहे. झोपलात तरी आहे.
फक्त पंख्याकडे तोंड नको याचं.
पंख्यालाही माणूस धरतो.”

तिसरी डबी कॅमेऱ्याची. न उघडताच मागे सरकवली.
उन्हाळ्यात एकटी बाई घरात कशी वावरते
ते तिच्यापाशीच राहू दे.

सोळा म्हणाले, चौदाला दिला,
वर चिकटपट्टीचं रीळ फुकट.

रात्री स्टुलावर चढून लावला.
पडदा टाचण्यांनी टाचला,
पंख्याच्या बाजूला मोबाइलवर बोटाने हद्द ओढली,
शेताला बांध घालावा तशी.
मग खतावणीशी बसले, मुद्दाम, धोंड्यासारखी.
दिवा तसाच.
श्वास रोखून धरला. वीस, तीस, एकेचाळीस…
मोबाइलवर हिरवा ठिपका आणि दोन शब्द:
कोणीतरी आहे.
मीच हरले. दम सोडला.

त्याच रात्री त्रेसष्ट रियाल सापडले.
सोहारच्या एका बिलात एक्याऐंशीचे अठरा झाले होते.
किती वेळ बसले होते कोण जाणे,
कोणी उठवलं नाही.

हा आला तेव्हा जुलै अर्धा सरला होता.
बूट दारात, बुटांतून वाळू.
आंघोळ करून सोफ्यावर पसरला,
लोणच्याची बरणी मांडीत, नुसतीच फोड चोखत.
मी सहज मोबाइल पाहिला.
कोणीतरी आहे.
काल होतं तेच. ठिपकाही तेवढाच.
त्याला दाखवलं.
“म्हणजे मी आलो त्याची नोंदच नाही?”
एवढा विहिरी खणणारा माणूस, खरंच रुसला.

मी दुकानात फोन लावला.
इब्राहिमभाई, मोजणारा नाही का एखादा?
“आहे की. दुप्पट पडेल. अठ्ठावीस.
पण बाय, आधीच सांगतो, मागून तक्रार नको.
दोन माणसं खेटून बसली की तो एकच धरतो.
मध्ये हातभर जागा सोडलीत, तर दोन.”

फोन स्पीकरवर होता.
ह्याने आमच्या मधली उशी उचलून
जमिनीवर टाकली.
“घेऊ नकोस,” म्हणाला,
“अठ्ठावीस वाचले.”