अर्धविरामापर्यंत

कुरेसारे. नोव्हेंबर. साडेतीनलाच दिवे लावावे लागले.
बंदर कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर
रेडिएटर मधूनमधून खोकतो,
आणि मी हेल्दुरची जुनी स्क्रिप्ट चालू करते.

एकशे बारा वर्षांच्या दीपगृहाच्या नोंदी.
कुणीतरी हिवाळेच्या हिवाळे बसून टाइप केल्या असणार:
तारीख; नाव; वारा; पाण्याचं तापमान; शेरा.
एका ओळीत एक रात्र.
मला फक्त नावं हवीत.
वसंतात दीपगृहाच्या दारावर पितळी पाटी लागणार आहे,
आणि पितळेवर खाडाखोड करता येत नाही.

यादी पडली.
ताम्बेर्ग धडधाकट आला, सेप्पही आला.
पण त्यांच्यामागून हे कोण?
उनापू. लेसो. र्मा.
दाराची चौकट डोक्याला लागून
टोपी बाहेरच पडलेली माणसं.

स्क्रिप्ट उघडली. एकच ओळ, आगपेटीएवढी:
तारीख ओलांड,
मग ए ते झेडमधलं पहिलं जे अक्षर भेटेल
तिथून वेचायला लाग.
म्हणजे ओउनापूचा ओ, त्याच्यावरची ती नागमोडी रेघ,
युलेसोच्या यूवरचे दोन ठिपके,
हे सगळं हेल्दुरच्या हिशोबी कचरा.
गंमत म्हणून मी माझंच नाव टाकून पाहिलं. ओइये.
उत्तर आलं: इये.

हेल्दुरला फोन लावला. पलीकडे टीव्हीवर हॉकी.
"अगं, तेव्हा त्या मशीनला एवढीच अक्षरं यायची," म्हणाला.
मग थोडा थांबून,
"आणि ते अक्षर आपल्या बेटावर कुणाला म्हणता येतं?"

खरंच आहे. मुख्य भूमीवरचे हसतात आम्हाला.
ते अक्षर घशात मागे धरून म्हणायचं असतं,
आम्ही ओठांचा चंबू करून पुढेच सांडून टाकतो.
माझे वडील मला जन्मभर चुकीच्या नावानं हाक मारत आले.
लिहिताना मात्र रेघ विसरले नाहीत,
शाळेच्या डब्यावरसुद्धा, खिळ्यानं कोरलेली.

मी दुरुस्ती सुरू केली.
आधी घाईनं टिंब आणि तारा: काहीही, कितीही.
आधाशीच तो. अर्धविराम आला तरी थांबेना,
ओळीतला शेवटचा गाठला तेव्हा कुठे तोंड मिटलं,
आणि माझ्यापुढे हे ओकलं:
ओउनापू; वायव्य; उणे दोन; काच पुसली; सील खडकावर
मला नाव हवं होतं, आली एक अख्खी रात्र.
चहा गार होईपर्यंत वाचत बसले.
पुढच्या ओळीत काच पुन्हा पुसलेली होती. सील नव्हता.

मग अक्षरांची यादीच खोडून टाकली.
कुठली चालतील, कुठली नाहीत, हे ठरवणारी मी कोण?
चौकटी कंस उघडला, आत आधी टोपी, मग अर्धविराम:
अर्धविराम सोडून काहीही.
नाव कशाचं बनतं ते विचारायचं नाही,
ते कुठे संपतं तेवढंच बघायचं.

पावणेसहाला एक्केचाळीस नावं
आपापल्या ठिपक्यांसकट, रेघांसकट ओळीत उभी.
एर्मा. युलेसो. पस्तिसावा ओउनापू.
एकदा मोठ्यानं वाचून बघावं म्हटलं,
पाटीच्या दिवशी मलाच वाचायची आहेत.
ओठांचा चंबू झालाच.

पडद्यावर बरोबर होतं.
फाईल जतन केली. खिडकीबाहेर बर्फ नव्हता,
नुसता वारा, बहुधा वायव्येचा,
आणि तो लिहायला कुणी जागं नव्हतं.