कान कापलेला वाघ

बुधवारच्या बाजारात, गंगेच्या काठी,
हुसेनभाई कोकणी गोणपाटावर जुनं नाशिक मांडून बसतात:
स्टोव्हच्या पिना, किल्ल्या हरवलेली पितळी कुलपं,
बुटांच्या खोक्यात फोटो आणि पत्रं,
किलोवर नाही, मुठीवर.
"घ्या मास्तर," म्हणतात. मी मास्तर नव्हतो कधी.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये तपासनीस होतो,
एकतीस वर्षं पोस्टकार्डं पाहिली.
कोरी. लिहिलेलं एकही नाही.

माणसं काय लिहितात हा आमचा विषय नव्हता.
कड सरळ आहे का, शाई फुटली का,
पंधरा पैशांचा वाघ आपल्या जागी बसलाय का, एवढंच.
नसला, तर तांबड्या पेन्सिलीची फुली.
बायको म्हणायची, भाकरीसुद्धा उलटून बघता.

त्या दिवशी मुठीत एक फोटो आला, एक कार्ड,
एकाच दोऱ्यात बांधलेले.
फोटोत नुसतं पाणी.
कडेला देवळाचं शिखर, शेजारच्या गच्चीवर तीन माणसं, एक बकरी,
खाली डावीकडे वाहत चाललेलं काहीतरी. पेटी? पाळणा?
चारी कोपऱ्यांना गंजलेल्या टाचण्यांची भोकं,
म्हणजे बरीच वर्षं भिंतीवर होता.
साल नाही.

मी दुतोंड्या मारुती शोधला.
नाशिकचा माणूस पुराच्या फोटोत दुसरं काय शोधणार?
गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं,
आमचं पाण्याचं माप तेच.
सापडला नाही.

मग कार्ड वाचलं.
"श्री. गेनू वडनेरे, तांबट आळी, नाशिक.
दादा, आई हट्टाला पेटली आहे. म्हणते, त्या साली पाणी
मारुतीच्या गळ्याशी थांबलं, देवाने वर येऊ दिलं नाही.
हे म्हणतात डोक्यावरून गेलं. रोज जेवताना वाद.
दुकानातला फोटो पाठव. तिला दिसत नाही,
पण मी तिचं बोट धरून फिरवीन.
आळीतले ठोके कमी झाले म्हणून ऐकलं. स्टीलने सगळ्यांनाच गाठलं.
पाठवच.
द्वारका, मु. निफाड."

फोटो तर इथेच.
पाठवलाच नाही? की पाठवला,
आणि ते बोट थंड झाल्यावर परत आला?
की गेनूनेही माझ्यासारखाच मारुती शोधला,
आणि आईचा देव बुडवायचं मन झालं नाही त्याला?

दोऱ्यात घालताना सवयीने कार्ड उलटलं.
वाघ उजवीकडे सरकलेला, एक कान कार्डाच्या बाहेर.
धडधडीत नापास.
माझ्या टेबलावरून सुटलं की शेजारच्या मुरकुट्याच्या, कोण सांगणार.
मला वाटतं, माझ्याच.
रात्रपाळी असेल. डोळा लागला असेल
दोन कार्डांपुरता.
तेवढ्यात निसटली ही म्हातारी,
मारुतीला गळ्याशी धरून.

तिथून वीस पावलांवर तो उभा, शेंदूर ताजा.
पायाशी कोरड्या फरशीवर पोरं क्रिकेट खेळत होती,
एकाने तर त्याच्या पायालाच स्टंप मानलेलं.
मी फोटो समोर धरला, एक डोळा मिटून
शिखराला शिखर जुळवलं.
डोक्यावर अजून पुरुषभर पाणी.
एक तोंड इकडे, एक तिकडे,
दोन्हींना तेच दिसलं असेल.
"आजोबा, विकायचाय का?" बॉल शोधत आलेल्याने विचारलं.

पोस्टात गेलो. एक कार्ड मागितलं.
पन्नास पैसे. सुटे नव्हते, म्हणून बाईंनी दोन दिली.
दोन बरी. एकावर खरं, एकावर गळ्याशी.
पण पत्ता निफाड एवढाच,
द्वारकेने भावाला आडनाव कशाला लिहावं?

पेन काढलं.
कार्डाची कड पाहिली, उजेडात धरलं,
उलटं, सुलटं, पुन्हा उलटं.
"काका," खिडकीतून बाई म्हणाल्या,
"कोरंच आहे ते."