खालचा बाक

चाळीस वर्षं मी सॉनात वरच्या बाकावर बसलो,
छताला डोकं टेकेल इतक्या वर,
जिथे आधी कान पेटतात, मग माणूस.
खाली बसायची ती पोरं, पाहुणे,
आणि एकदा कर विभागाचा एक साहेब,
टॉवेल घट्ट धरून.

आता खाली मी.

कुओपिओच्या इस्पितळात एका डॉक्टर मुलीने
माझ्या छातीतल्या दोन स्प्रिंगांचं चित्र दाखवलं.
बरेच आठवडे नाही म्हणाली.
मग जिना चढायला लावून, नाडी धरून म्हणाली, जा.
पण दहा मिनिटं.
पण बिअर नाही; आधी नाही, मधे नाही.
पण बर्फातल्या भोकात उडी नाही, ऑस्मो.
आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे, तेव्हा उठताना
आधी पाय खाली, मग श्वास, मग तुम्ही.

मग उरलं काय? मी विचारलं.
ऊब, ती म्हणाली.

"आठवड्यातून तीन-चारदा, वर्षानुवर्षं जे बसतात
त्यांची हृदयं, त्यांची डोकी जास्त टिकलेली दिसतात.
दिसतात म्हणतेय. वचन देत नाहीये."
मला आवडलं तिचं ते 'दिसतात'.
तळ्यावरच्या बर्फाबद्दल आम्ही असंच बोलतो:
धरेल असं दिसतंय.

आल्पोला बर्फाने नाही, बाकाने नेलं.
जूनमधली सणाची रात्र, बाटली, वरची जागा,
जरा डोळा लागला.
सकाळी चुलीतली राख कोमट होती.
तोही.

वाळूचं घड्याळ हिल्क्का उलटते,
लग्नापासून तिचंच काम ते.
डिसेंबरात एकदा तिने ते उलटलं,
आणि अर्धी वाळू वर असतानाच
पुन्हा उलटलं,
आणि म्हणाली, "आज आल्पो येतोय ना?"

मी पळीभर पाणी दगडांवर टाकलं.
दुसरं काय करणार होतो.
दगड चरचरले.
त्या वाफेला आम्ही लोय्लू म्हणतो;
फार जुन्या बोलीत म्हणे त्याच शब्दाचा अर्थ प्राण.
ती छताला गेली, वळली,
आणि दोघांच्या पाठीवरून हात फिरवून विरली.

त्या दिवसापासून मी खाली आहे.
डॉक्टरला वाटतं, तिचं ऐकलं.
वरून हिल्क्काचा फक्त भांग दिसायचा.
इथून चेहरा दिसतो:
कधी लाल झाला, कधी नको इतका लाल झाला,
कधी ती हरवली, कधी परत आली.
दार नुसतं लोटलेलं, कडी काढून टाकलीय.
पाण्याचे दोन पेले; तिने प्यायलं की नाही
अशी शंका आली की तिसरा.
ती वाळू उलटते, वाटेल तितक्यांदा.
मिनिटं मी मनात मोजतो.

बर्चच्या डहाळ्यांची जुडी मात्र तीच बांधते.
बोटं एकदाही चुकत नाहीत,
साल पिळून गाठ, गाठीतून टोक,
जणू हातांना कुणी काही सांगितलेलंच नाही.

मग ओसरीवर, उणे अठरा.
लोकरी मोजे, खांद्यांतून निघणारी वाफ,
अंधारात तळं कुठेतरी एकदा तडकतं.
"खाली कोण बसायचं रे, आपल्याकडे?"
ती विचारते.
कर विभागाचा साहेब, मी सांगतो,
टॉवेल घट्ट धरून.
आणि ती हसते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत,
पहिल्यांदाच ऐकल्यासारखी.