पुरे

हुआ तान म्हणजे ताडाच्या कोवळ्या फळाचं डोकं.
चिरलं की काळं पडतं,
बोलायच्या आधीच ओशाळलेल्या माणसासारखं.
म्हणून ते आधी मिठाच्या पाण्यात.
हे पा लमोमने मला सांगितलं नाही.
तिने माझं मनगट धरून पातेल्यात बुडवलं,
मग तेच बोट माझ्या तोंडाशी आणलं
आणि म्हणाली, खेम.
खेम म्हणजे खारट.
मला क्षेम ऐकू आलं,
मी म्हटलं, हो, सगळं ठीक.

वही तिने पहिल्याच दिवशी काढून घेतली,
माशाच्या सॉसच्या बाटलीखाली ठेवली.
आता तिच्यावर एक गोल डाग आहे
आणि त्याला वास आहे.
माझं पहिलं पान तेवढंच.

पेचबुरीत मी आले ती कोळंबीच्या बियाण्याचा हिशेब ठेवायला.
आकडे महिन्याभरात आले,
आकडे बोटांवर दाखवता येतात.
बाकीची भाषा तिच्या ओट्यावर होती,
आणि ओटा म्हणजे जमीनच,
तिथे मांडी घालून बसायचं.

कोथिंबिरीची मुळं मी सवयीने छाटली, केरात टाकली.
ती केरापाशी बसली, एकेक वेचली,
मातीसकट बोटांनी चोळून धुतली.
राक, म्हणाली.
मूळ.
लसूण, मिरी, राक, मग बत्ता.
वरून पडतो तेव्हा त्याचा एक सूर,
काठाला घासून वर येतो तेव्हा दुसरा,
तळाशी नुसता फिरतो तेव्हा तिसरा, सपाट.
ऐक, असं ती म्हणाली असणार.
मला वाटलं, जोरात कूट.

संध्याकाळी चटई.
मधे भात, भोवती वाडगे.
भाताशिवायच्या सगळ्याला इथे कप खाव म्हणतात,
भाताबरोबरचं.
तोंडी लावणं, मी मनात म्हणाले,
आणि बऱ्याच दिवसांनी मला माझाच शब्द ऐकू आला.
ताट भरून घ्यायचं नसतं.
एक चमचा घ्यायचा, तो संपला की पुढचा.
हावरटपणा केला की कुणी काही बोलत नाही,
फक्त भात तुमच्याकडे सरकवतात.

त्या दिवशी हुआ तानचा रस्सा तिसऱ्यांदा आला.
मी हात आडवा धरला, पुरे म्हणायला.
त्यांचा पुरे म्हणजे फॉ,
मापावरून हात फिरवावा तसा सपाट.
माझा फॉ वरून घसरला,
देठ सुटल्यासारखा.
तसा घसरला की त्याचा अर्थ होतो, बाबा.

तोनक्ला, तिचा नातू,
नाकात भात जाईपर्यंत हसला.

चटईच्या टोकाला लुंग सनित, तिचा थोरला भाऊ.
चाळीस वर्षं ताडावर चढला,
मग गुडघ्यांनी त्याला खाली उतरवून ठेवलं.
मुलगा तैवानच्या बोटीवर गेलेला.
पहिली दोन वर्षं फोन यायचे.
तेव्हापासून हा शब्द या घरात
टीव्हीवरच्या मालिकांतच काय तो येतो.

त्याने मान वर केली.
अं? म्हणाला,
खरंच कुणी हाक मारल्यासारखा.
मग जिताड्याच्या गालाचा तुकडा,
तो सुपारीएवढा, सगळ्यात मऊ,
चमच्याच्या टोकाने सोडवला
आणि वाकून माझ्या भातावर ठेवला.
पुन्हा जेवू लागला.
पा लमोम माझा प्रत्येक सूर दुरुस्त करते,
तिने तेव्हा पाण्याचा तांब्या उचलला
आणि सगळ्यांचे पेले भरत बसली,
भरलेलेसुद्धा.

आता मला जमतं.
बाजारात मी फॉ म्हणते, तळहातासारखा सपाट,
आणि मिरच्यांवाली पिशवीला गाठ मारते.
कचेरीत म्हणते, चहा थांबतो.
फक्त त्या चटईवर,
रस्सा तिसऱ्यांदा आला की,
जीभ घसरते.

परवा लुंग सनित म्हणाला,
दीड वर्ष झालं पोरी,
तुला अजून पुरे म्हणता येत नाही.

गाल त्याने आधीच सोडवून ठेवला होता.