त्रेचाळीस पानं

लग्नाच्या आदल्या रात्री, मत्राच्या धक्क्यासमोर, गच्चीवर
त्रेचाळीस पानं.
रुवीतल्या ओट्यापाशी मी यादी खोडतेय:
अकरा जणांना मासे हवेत, चौघांना वासही नको,
व्याह्यांच्या दामूकाकांना लसूण वर्ज्य,
सौमित्रच्या ऑफिसातले दोघे काहीही खातात,
देव त्यांचं भलं करो.

तेवढ्यात इचलकरंजीहून विहीणबाई:
"अहो, त्या दिवशी संकष्टी येतेय."
म्हणजे सात बायका आणि एक विमा एजंट
दिवसभर साबुदाण्यावर.
दिनदर्शिकेत चंद्रोदय मुंबईचा आहे, नागपूरचा आहे,
मस्कतचा कोण छापणार?
त्यात इथल्या चंद्राला
आधी डोंगर चढून यावं लागतं.

हॉटेलात जाऊन हैथमला सांगितलं, अडखळत,
की टेबल आठचं,
पण काहींचा पहिला घास
नऊला, साडेनऊला, काय सांगावं.
"चंद्रासाठी थांबायचं ना?" वही उघडत तो म्हणाला,
"मग आमच्या स्वयंपाक्यांना शिकवायला नको.
उपास सोडताना आधी काय ठेवू? खजूर?"

खजूर चालेल, मी म्हटलं.
आणि मोदक.

तो शब्द त्याने दोनदा म्हणून पाहिला,
मग उजवीकडून लिहायला घेतला.